वर्गात सांगून संपलेली गोष्ट (लेखन शिकवणारे, शिकलेले, दोघांनीही बोला)

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री ११.२०

बरेच दिवस वाचनमात्र होते. आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी कथा लिहिते. तीन संग्रह, एक कादंबरी. दुसरी कादंबरी १३७व्या पानावर गेले चौदा महिने ठाण मांडून बसलीय. २०१६ साली शाळेतली नोकरी सोडली, तेव्हापासून कथालेखनाचे वर्ग घेते. कोल्हापुरात एका वाचनालयाच्या माडीवर, दहा रविवार, सकाळी नऊ ते बारा. लॉकडाऊनपासून झूमवरही एक बॅच असते. नातेवाइकांत माझी ओळख 'ती क्लास घेते' अशी आहे. कसले, ते कुणी विचारत नाही. एका मावससासूबाईंना बरीच वर्षं शिवणाचे वाटत होते.

आधी पैशाचं सांगून टाकते, कारण नंतर कुणीतरी विचारणारच. पहिली कादंबरी लिहायला चार वर्षं लागली. ५०० प्रतींची आवृत्ती, किंमत २५० रुपये, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तेव्हा साडेबारा हजार हातात आले. अठ्ठेचाळीस महिन्यांनी भागा. महिन्याला २६० रुपये. दिवाळी अंकांकडून एका कथेला आजवर मिळालेली सर्वांत मोठी रक्कम ३,००० रुपये, आणि त्या संपादकांना मी अजून दुवा देते, कारण बऱ्याच जणांकडून अंकच येतो, तोही फोन केल्यावर. याउलट एका बॅचला वीस जण आणि ३,५०० रुपये फी. हॉलचं भाडं, चहा, झेरॉक्स वजा जाता साठेक हजार उरतात. मग शब्दांकनं. एका साखर कारखान्याच्या माजी चेअरमनसाहेबांचं आत्मचरित्र मी लिहिलंय. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'त्यानंतर मी मागे वळून पाहिलं नाही' हे वाक्य हवंच असा त्यांचा आग्रह. सतरा प्रकरणं होती. माणसाची मान अवघडली असेल. शिवाय कथास्पर्धांचं परीक्षण: शंभर-सव्वाशे कथा वाचायच्या आणि शाल, श्रीफळ घेऊन घरी यायचं. घरात एकवीस शाली झाल्यात. कोल्हापुरात थंडी पडते ती किती!

तर वर्गांवर घर चालतं, आणि वर्ग मला आवडतात. तक्रार ती नाही.

तिसऱ्या रविवारी मी एक उदाहरण देते. माझे आजोबा गुळव्या होते. इकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, त्याची मळी काढतात, भेंडीचं पाणी घालतात, आणि पाक होत आला की तो नेमका कधी उतरवायचा हे जो ठरवतो तो गुळव्या. चार क्षण इकडेतिकडे झाले तर गूळ वाया. आजोबा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघायचे. १९८२चा फेब्रुवारी. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू होऊन महिना होत आलेला. माझा काका तिथे गिरणीत होता. एका रात्री तो पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून उतरला आणि घरी न जाता थेट गुऱ्हाळावर आला. आजोबांनी मान वर करून ट्रंक पाहिली आणि काहिलीकडे बघायचं विसरले. गूळ करपला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

इथे मी थांबते. मग म्हणते, "आजोबांना दुःख झालं असं लिहायचं नाही. गूळ करपला, एवढंच लिहायचं." वर्ग गप्प होतो. कुणीतरी वहीत उतरवून घेतं. दर वेळी.

अकरा बॅचना हे सांगून झालंय. आणि आता माझी स्वतःची कादंबरी तिथे येऊन पोचलीय. काका एसटीतून उतरलाय, ट्रंक खांद्यावर आहे, आणि पुढचं वाक्य मला येत नाही. येतं ते वर्गातलं. त्याच ठिकाणी दम घेऊन, त्याच हेलात. पहाटे पावणेपाचला उठून टेबलाशी बसते आणि तिथेही तिसरा रविवारच घेत असते. समोर वीस जण वह्या उघडून बसलेले दिसतात.

दुसरं म्हणजे लाल पेन. आठवड्याला वीस खर्डे तपासायचे. 'हे सांगू नका', 'हे कुणाच्या नजरेतून?', 'हा परिच्छेद काढून बघा'. हळूहळू ते पेन माझ्या पहिल्या खर्ड्यावर फिरायला लागलं. वाक्य पुरतं व्हायच्या आत समासात शेरा तयार.

लेखन शिकवणाऱ्या बाकीच्यांचं असं होतं का? गाणं, चित्र शिकवणाऱ्यांचं? की हे सगळं माझ्या आळसाला शोधलेलं कारण आहे?

---

जुना_वाचक | सोमवार, रात्री ११.५२

स्पष्ट बोलतो, राग नसावा. लेखन शिकवता येतं हेच मला पटत नाही. ज्ञानेश्वरांनी कुठला क्लास लावला होता?

फुलपाखरी | मंगळवार, सकाळी ७.०५

@जुना_वाचक, ज्ञानेश्वरांना निवृत्तिनाथ होते की! गीतेवरची टीका लिहून झाली, आता स्वतःचं लिही, असं त्यांनी सांगितलं आणि मग अमृतानुभव झाला, अशी परंपरा आहे. इतकी नेमकी सूचना मला आजवर एकाही संपादकानं दिलेली नाही. दिवा घ्या (म्हणजे हलकं घ्या).

जुना_वाचक | मंगळवार, सकाळी ७.४०

घेतला. पण निवृत्तिनाथांनी फी घेतली नव्हती.

स्वरसाधना | मंगळवार, सकाळी ९.१५

गाणं शिकवते, वीस वर्षं. तुमचं वाचून अंगावर काटा आला. जी बंदिश मी मुलींना हातावर मात्रा मोजत बसवते, ती मैफलीत गायला घेतली की माझी बोटं मांडीवर मोजायला लागतात. आता मी दोन याद्या ठेवल्यात. शिकवायच्या बंदिशी वेगळ्या, गायच्या वेगळ्या. दुसऱ्या यादीतली बंदिश कुणालाही देत नाही, अगदी पोटच्या पोरीलाही. ती रुसलीय.

नंदू_बेळगाव | मंगळवार, दुपारी १.३०

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी मास्तरकी केलेल्या लेखकांची नावं आठवत बसलो. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात होते, पण शिकवायचे इंग्रजी. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर, मग तुमच्या कोल्हापुरात आले. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे. रंगनाथ पठारे संगमनेरला भौतिकशास्त्र शिकवायचे, श्याम मनोहरही भौतिकशास्त्राचेच. मराठी कथा-कादंबरीचा मोठा भाग मास्तरांनी लिहिलाय म्हटलं तरी चालेल. पण बघा, 'कथा कशी लिहायची' हा विषय यांच्यापैकी कुणाच्या वेळापत्रकात नव्हता. दिवसभर न्यूटन सांगायचा आणि संध्याकाळी घरी येऊन माणसांकडे बघायचं. ज्या विहिरीवर स्वतःची तहान भागायची, तिच्यावर दिवसा मोट चालत नव्हती.

ना. सी. फडके अपवाद. राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवता शिकवता त्यांनी 'प्रतिभासाधन' लिहून कादंबरीचं तंत्रच मांडलं. आणि पुढे त्यांच्या टीकाकारांनी आयुष्यभर काय केलं? ते तंत्र त्यांच्याच कादंबऱ्यांना लावून दाखवलं.

अमेरिकेत हे उघड उघड पेशा म्हणूनच चालतं. आयोवाची लेखनशाळा १९३६ची. आपल्याकडे दिलीप चित्रे तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाला सत्तरच्या दशकात जाऊन आले. पण तिथला शिकवणारा लेखक विद्यापीठाच्या पगारावर असतो. आपला वाचनालयाच्या माडीवर.

रंकाळाकाठ | मंगळवार, दुपारी ३.१०

नंदूदादा, न्यूटनचा मुद्दा मनाला लागला. शाळेत मी भूगोल शिकवायचे. पहिले दोन्ही संग्रह त्या काळातले. मान्सूनचे वारे फळ्यावर काढताना डोक्यात कथा शिजत असायची आणि कुणालाही पत्ता नसायचा.

@जुना_वाचक, तुमच्या प्रश्नाला बगल देत नाही. प्रतिभा मी शिकवत नाही, तो माल माझ्याकडे नाही. मी कान उघडून देते, एवढंच. आणि मराठीत कानाला काम भरपूर आहे. उदाहरणार्थ, हाक. तू, तुम्ही, आपण. बायको चारचौघांत 'अहो' म्हणते आणि स्वयंपाकघरात 'अरे', यात अर्धी गोष्ट आहे. सातव्या रविवारी मी एक पान लिहायला सांगते: दोन माणसं, फक्त संवाद, आणि मध्येच कुठेतरी एकजण 'तुम्ही'वरून 'तू'वर येतो किंवा 'तू'वरून 'तुम्ही'वर जातो. कारण सांगायचं नाही. गडहिंग्लजचा एक लाइनमन होता वर्गात, सहा आठवडे तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यानं दोन भावांचं लिहिलं. वाटणीच्या कागदावर अंगठा झाला आणि धाकटा थोरल्याला म्हणाला, "तुम्ही चहा घेणार का?" बस. पुढं कोरं पान.

किंवा बोलीचं. सगळे जण संवाद बोलीत लिहितात आणि निवेदन पुस्तकी मराठीत. का, विचारलं तर म्हणतात, तसंच असतं. मग मी विचारते, तुमची आजी गोष्ट सांगायची तेव्हा निवेदन कुठल्या मराठीत करायची? त्या दिवशी बारा वाजता वर्ग सुटत नाही.

इचलकरंजीच्या एक बाई होत्या, घरचे यंत्रमाग. त्यांच्या कथेत वाक्य होतं, 'घरात भयाण शांतता पसरली.' मी म्हटलं, तुमच्या घरात शांतता नेमकी कशी होते हो? तर म्हणाल्या, लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात, कानात दडे बसल्यासारखं होतं, आणि मग शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू येते. मी म्हटलं, हे लिहा! भयाण खोडा. हे शिकवणं आहे का, तुम्हीच सांगा.

चिंचपोकळी_लोकल | मंगळवार, सायं. ६.४५

+१. वाचतोय. गिरणीच्या ट्रंकेवर खूप लिहिता येईल. आमच्या घरी अजून आहे तसली, आत आईचे गोधडीचे तुकडे.

सीएकाका | मंगळवार, रात्री ८.२०

अवांतर, पण उपयोगी पडेल. पुस्तकाच्या मानधनावर १९६१च्या आयकर कायद्यात ८०क्यूक्यूबी कलमाखाली ३ लाखांपर्यंत वजावट आहे. प्रकाशकाकडून १०सीसीडी फॉर्म भरून घ्यावा लागतो. ही वजावट जुन्या कररचनेतच आहे, नव्या रचनेत नाही. शालेय पाठ्यपुस्तकं आणि मासिकं-वर्तमानपत्रं यांना ती लागू नाही. वर्गाची फी यात धरू नका, ती सरळ व्यवसायाची कमाई. २६० रुपये महिना मिळवणाऱ्या बाईला ३ लाखांची वजावट सांगताना मलाच कसंतरी होतंय, पण माहिती असावी.

रंकाळाकाठ | मंगळवार, रात्री ८.३५

काका, वजावट शिल्लक राहिली तर पुढच्या जन्मी नेता येते का?

दुसऱ्या संग्रहाचा हिशेब सहा वर्षं झाली, आलेलाच नाही. फोन केला की 'गोडाऊनमध्ये बघून सांगतो'.

सीएकाका | मंगळवार, रात्री ८.५०

करार काढून बघा. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलंय का? लिहिलेलं नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पाचच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. कागदच झाला नसेल तर हक्क मुळात तुमच्याकडेच आहेत. एखाद्या वकिलाला दाखवा. गोडाऊनवाल्यांना ही कलमं फारशी आवडत नाहीत.

सॅनहोजेची_सई | बुधवार, सकाळी ६.१०

मी झूम बॅचची. मॅडम ओळखतील बहुतेक. तिकडे रविवारी सकाळी नऊ म्हणजे इकडे शनिवारी रात्री साडेआठ, आणि इकडची घड्याळं मागे गेली की साडेसात. शनिवारी रात्री मी कुणाच्याही पार्टीला जात नाही, नवऱ्यानं मित्रांना सांगून ठेवलंय की हिची शाळा असते.

मला वर्गातून काय मिळालं? मी एकोणीस वर्षं मराठीत फक्त 'जेवलास का' आणि 'ते तिथे ठेव' एवढंच बोलत होते. पहिल्या आठवड्यात पंधरा ओळी लिहायला दोन तास लागले. शब्द होते, पण सगळे तेवीस वर्षांच्या मुलीचे. आता मी बेचाळीसची आहे, आणि बेचाळीस वर्षांच्या बाईला लागणारे मराठी शब्द माझ्याकडे नव्हतेच. रजोनिवृत्ती हा शब्द मी वर्गात पहिल्यांदा कागदावर लिहिला.

गुळाची गोष्ट मीही वहीत उतरवून घेतलीय. सॉरी मॅडम.

कांडीवाली | बुधवार, दुपारी २.४०

ताई नमस्कार. इचलकरंजीची ती बाई मी. ओळखलंत ना? चौथी बॅच.

बोलू का नको असं झालं होतं, पण बोलतेच. ताई, कुकरची शिट्टी माझी नाही. मी तुम्हाला बाळाचं सांगितलं होतं. आमच्या शेजारी तेव्हा तान्हं बाळ होतं. जन्मल्यापासून मागाच्या खडखडाटात झोपायचं ते. लाईट गेली, माग थांबले, की दचकून उठायचं आणि रडायला लागायचं. आमच्या गल्लीत शांतता झाली की पोरं रडतात. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही पेन खाली ठेवला होता, मला चांगलं आठवतंय. कुकर कुठनं आला माहीत नाही. कदाचित तुम्हाला वर्गात पटकन सांगायला सोपा पडत असेल.

रागावू नका. कथा मी अजून लिहिते. कांड्या भरताना सुचतं, हात रिकामे नसतात म्हणून सुनेच्या मोबाईलवर बोलून ठेवते. मागच्या वर्षी दोन छापून आल्या. एकीत ते बाळ आहे.

फुलपाखरी | बुधवार, दुपारी २.५५

शांतता झाली की पोरं रडतात. आईशप्पथ.

अंकवाला | बुधवार, रात्री १०.०५

मी एक दिवाळी अंक काढतो, गेली बरीच वर्षं. कथा मागवतो मे-जूनमध्ये, येतात गणपतीत. लेखकमंडळींनी हे मनावर घ्यावं ही जाता जाता विनंती.

एक कडू बोलू का? वर्गातून आलेली कथा मला आता पहिल्या पानात ओळखू येते. सुरुवात मधूनच. पात्राचं नाव तिसऱ्या परिच्छेदात. भावना नाही, वस्तू. आणि शेवटी कुणीतरी काहीतरी उचलतं किंवा खाली ठेवतं, की कथा संपली. पूर्वी ढोबळ कथा यायच्या, 'तिच्या डोळ्यांत अश्रू तरळले'वाल्या. त्या परत पाठवताना वाईट वाटत नव्हतं. या नव्या कथा बिनचूक असतात आणि त्यांचं काय करावं कळत नाही. चाळीस कथांत चाळीस करपलेले गूळ.

याला रंकाळाकाठ जबाबदार आहेत असं म्हणत नाही. पण शिकवणाऱ्यांनी एखाद्या रविवारी 'आता हे सगळं विसरा' असंही सांगावं.

रंकाळाकाठ | बुधवार, रात्री ११.३०

कांडीवाली, रागावू कशाला? दुपारपासून तुमचं पोस्ट पाच वेळा वाचलं. जुनी वही काढली. चौथ्या बॅचची. तुमच्या नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलंय: 'माग थांबले की बाळ उठतं.' कुकर कुठेच नाही. सहाव्या का सातव्या बॅचला सांगताना मी कधीतरी तो घातला असणार. बाळ म्हटलं की लोक 'अगं बाई' करतात आणि मुद्दा राहून जातो. कुकर सुटसुटीत. कुकरनं काम भागतं.

अंकवाले, तुमचंही लागलं. चाळीस करपलेले गूळ. हसू आलं आणि मग आलं नाही.

करवीरकर_गूळवाले | गुरुवार, सकाळी ८.२५

ताई, मी साहित्यातला नाही, गुळातला आहे. आमच्याकडे तीन पिढ्या गुऱ्हाळ. तुमची गोष्ट वाचून काल रात्री वडिलांना सांगितली. त्यांचं वय ब्याऐंशी. ते म्हणाले, "असं व्हत नाही."

कारण असं की पाक उतरायला आला की गुळव्या एकटा नसतो. चुलवाणात (काहिलीखालच्या चुलीत) चिपाडं (उसाचा वाळलेला चोथा) सारणारा असतो, मळी काढणारा असतो, काहिल ओढून वाफ्यात ओतायला चार-पाच जण हात लावून उभेच असतात. गुळव्याचं ध्यान गेलं तर दुसरा कुणीतरी ओरडतोच. आणि खरोखर करपला असता तर ज्याचा ऊस त्याचं नुकसान. ते आधण (त्या काहिलीचा पाक) गावात बोलण्यात वीस वर्षं निघालं असतं. गुळव्याला पुढच्या हंगामात बोलावणं आलं नसतं. वडील म्हणाले, त्यांना विचार आजोबा त्यानंतर कुठल्या गुऱ्हाळावर होते.

चूकभूल द्यावी घ्यावी.

नंदू_बेळगाव | गुरुवार, सकाळी ९.००

आता हे मात्र तुम्हाला विचारावं लागेल, ताई. कोण आहे घरात त्या वेळचं?

रंकाळाकाठ | गुरुवार, सकाळी ९.१०

आत्या आहे. कागलजवळ असते. संध्याकाळी फोन करते. मी तेव्हा पाच वर्षांची होते, झोपलेली. आजवर मला वाटत होतं की हे मी कुणाकडून तरी ऐकलंय. आता कुणाकडून ते आठवेना.

रंकाळाकाठ | शुक्रवार, पहाटे ५.४०

काल फोन झाला. आत्याचं बोलणं जसंच्या तसं मला इथे लिहिता येणार नाही, आणि लिहायचंही नाही, ते का ते खाली सांगते. पण गूळवाल्यांच्या वडिलांना सांगा, ते बरोबर होते. काहीही करपलं नव्हतं. आजोबा पुढची नऊ वर्षं त्याच गुऱ्हाळावर होते.

काका आला, ट्रंक घेऊन उभा राहिला. आजोबांनी बघितलं. म्हणाले, "थांब, आधण उतरू दे." तो थांबला. उतरलं. मग त्यांनी त्याला नीट बघितलं आणि सांगितलं, "चिपाडं सार." शर्ट-पँटीतला गिरणीवाला माणूस रात्रभर चुलवाणापुढे बसला. ट्रंक सकाळपर्यंत तिथेच, ऊस रचला होता त्याच्यावर. ती घरी कुणी नेली हे आत्याला आठवत नाही. त्या रात्रीच्या गुळाला सौद्यात चांगला दर आला हे मात्र पक्कं आठवतं, कारण त्या पैशांत तिला साडी आली होती. हिरवी. रंग तिनं दोनदा सांगितला.

करपलेला गूळ मी केला होता. बहुधा पहिल्याच बॅचला, समोर वीस अनोळखी माणसं बसलेली, आणि वर्ग हातात यावा म्हणून.

यापुढचं इथे लिहीत नाही, कारण स्वरसाधना म्हणतात ती दुसरी यादी मी आजपासून सुरू केलीय. आत्यानं अजून बरंच सांगितलं, ते तिच्यात गेलं.

स्वरसाधना | शुक्रवार, सकाळी ७.३०

छान केलंत. पोटच्या पोरीलाही नाही.

करवीरकर_गूळवाले | शुक्रवार, सकाळी ८.५०

वडिलांना वाचून दाखवलं. "चिपाडं सार"ला हसले. म्हणाले, पोरगा मुंबईहून आला की पहिलं काम तेच द्यायचे सगळे. बोलायचं टळतं दोघांचं.

जुना_वाचक | शुक्रवार, सकाळी ९.२०

मी माझं मत अजून बदललेलं नाही. पण कादंबरी आली की कळवा, एक प्रत माझी.

सॅनहोजेची_सई | शुक्रवार, सकाळी १०.००

मॅडम, मग वहीतलं ते पान खोडू का?

रंकाळाकाठ | शुक्रवार, सकाळी १०.१५

सई, राहू दे. पण बाजूला लिही, 'खोटं आहे'.

आणि थोडं कामकाजाचं, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलेत. खर्डे मी यापुढे घरी आणणार नाही. वर्गात मोठ्यानं वाचायचे, मी एकच प्रश्न विचारणार, लाल पेन वाचनालयाच्या कपाटात. वर्षाला तीनऐवजी दोन बॅच. पैशाचं गणित बसत नाहीये, एखादे चेअरमनसाहेब शोधावे लागतील. जूनची बॅच रद्द करतेय, तेव्हा मी १३७वर असेन.

कांडीवाली | शुक्रवार, दुपारी १.०५

ताई, मग माझं बाळ वर्गात सांगणार का आता? सांगा हो. माझं लिहून झालंय.

धैर्यशील_वारणा | शनिवार, रात्री ९.४५

छान धागा. पूर्ण वाचायला वेळ झाला नाही. जूनच्या बॅचची फी किती आहे?